लग्नघरातील मानाची खुर्ची

मांडव पडला की घर बोलू लागते. एरवी चार भिंतींच्या आत राहणारे कुटुंब त्या चार दिवसांत भर वस्तीत येऊन उभे राहते. पहिल्या रांगेत कोणाला बसवायचे, कोणाला आणण्यासाठी गाडी धाडायची, छायाचित्राच्या वेळी वधूच्या शेजारी कोणाला उभे करायचे, हे प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु मानाच्या त्या क्रमात घराण्याचा सारा इतिहास दडलेला असतो. पडत्या काळात कोणी हात दिला, कोणाच्या पैशावर थोरल्याचे शिक्षण झाले, कोणाच्या शब्दाखातर जमिनीचा तंटा मिटला, याची नोंद कोठल्याही वहीत नसते. ती असते मांडवातल्या खुर्च्यांच्या मांडणीत. आमच्या धर्मग्रामांतील लग्नघरेही याला अपवाद नाहीत.

मीरा नायर यांचा 'मॉन्सून वेडिंग' हा चित्रपट २००१ साली प्रकाशित झाला. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक झेंडूच्या फुलांविषयी, पंजाबी नाचगाण्यांविषयी आणि पावसाविषयी. आम्हास मात्र तो चित्रपट एका खुर्चीचा वाटतो. ती मानाची खुर्ची आहे, तिच्यावर घराचा उपकारकर्ता बसला आहे, आणि त्या घरातील एका मुलीला तो कोण आहे हे ठाऊक आहे.

भारतीय चित्रपटाला लग्न नवे नाही. विवाहाच्या निमित्ताने घराची झडती घेण्याची परंपरा तर आमच्या मराठीत फारच जुनी. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचा विवाह लावू पाहणारा लोभी बाप त्यांनी प्रेक्षकांसमोर उभा केला. पुढे १९३७ मध्ये प्रभात कंपनीचा 'कुंकू' आला. त्यातल्या नीरेला वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधतो तो तिचा मामा, म्हणजे घरातलाच माणूस. शांता आपटे यांनी उभी केलेली ती नीरा हा विवाह मानायलाच नकार देते. लग्नघर हे केवळ मंगलाचे स्थान नसून तेथे सौदेही होतात, हे मराठी प्रेक्षकाने असे फार पूर्वीच पाहिले होते.

मधल्या काळात हा धागा सैल झाला. १९९४ साली आलेल्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटाने लग्नाचे एक निराळेच चित्र देशापुढे ठेवले. चौदा गाणी, भरलेली ताटे आणि एकमेकांवर जीव टाकणारी माणसे. मुंबईच्या लिबर्टी चित्रगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. पाठोपाठ १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला आणि परदेशस्थ भारतीयांनाही त्या चित्रात जागा मिळाली. या चित्रपटांना आम्ही नावे ठेवणार नाही. लोकांनी ते प्रेमाने पाहिले, आम्हीही पाहिले. एवढेच म्हणावेसे वाटते, की त्यांतील कुटुंब मुळात निष्पाप असते. संकट येते ते अपघाताने, दैवाने किंवा गैरसमजाने. शेवटी सारे एका छायाचित्रात मावतात, आणि त्या छायाचित्रातून कोणाला वगळावे असा प्रश्न कधीच उद्भवत नाही.

'मॉन्सून वेडिंग'ची पटकथा सबरीना धवन यांनी लिहिली. त्या न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पटकथालेखन शिकत होत्या आणि तेथेच मीरा नायर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. नायर यांचा जन्म १९५७ चा, ओडिशातील रुरकेला येथला, घराणे पंजाबी. 'सलाम बॉम्बे' (१९८८) या मुंबईच्या रस्त्यावरील मुलांवरच्या चित्रपटाने त्यांचे नाव जगभर झाले होते. त्याआधी त्या माहितीपट करीत असत, आणि ती सवय या चित्रपटातही दिसते. छायाचित्रणकार डेक्लन क्विन यांनी कॅमेरा बहुतांशी हातात धरूनच काम केले. चित्रीकरण सुमारे तीस दिवसांत उरकले. विमानतळावरील क्ष-किरण यंत्रातून जाताना काही फिल्म खराब झाली आणि ते प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले. सप्टेंबर २००१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला 'सुवर्ण सिंह' हा सर्वोच्च मान मिळाला. त्यापूर्वी हा मान एकाच भारतीय चित्रपटाच्या वाट्याला आला होता, सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला, १९५७ साली.

हातातल्या कॅमेऱ्याचा परिणाम असा होतो, की आपण त्या घरात प्रेक्षक म्हणून नव्हे, तर गर्दीत सापडलेला एखादा दूरचा पाहुणा म्हणून वावरू लागतो. कोणी इंग्रजीत बोलते, कोणी हिंदीत, रागावले की पंजाबीत. कोण कोणाची मावसबहीण आहे याचा पहिला अर्धा तास थांग लागत नाही, आणि खऱ्या लग्नघरात तरी तो कोठे लागतो?

घर आहे दिल्लीतील वर्मा कुटुंबाचे. आजच्या दिल्लीचा पंजाबी चेहरा १९४७ च्या फाळणीने घडविला. त्या लोंढ्यात सुमारे पाच लाख निर्वासित या शहरात येऊन स्थिरावले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या त्या पिढीने दुकाने थाटली, घरे बांधली आणि अर्ध्या शतकात एक नवा मध्यमवर्ग उभा राहिला. चित्रपटातील ललित वर्मा त्याच वर्गातले. व्यवसाय तयार कपड्यांच्या निर्यातीचा. १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेने अशा घरांत पैसा आणला आणि पैशापेक्षा मोठी हौसही आणली. लग्नाचा खर्च ललितच्या आवाक्याबाहेर गेला आहे. गोल्फच्या मैदानावर तो मित्रापाशी उसने पैसे मागतो तो प्रसंग पाहावा. नसीरुद्दीन शहा यांनी त्या मागण्यातला संकोच असा दाखविला आहे, की लेकीच्या लग्नासाठी कर्ज काढलेल्या कोणाही बापाने मान खाली घालावी. दुसऱ्या एका प्रसंगी मांडवाचे कापड पांढरे आणले म्हणून तो मांडववाल्यावर भडकतो. पांढरा रंग शोकाचा, तो माझ्या घरी कशाला? मांडववाला दुबे शांतपणे सांगतो की रंगीत हवा असेल तर दर वेगळा पडेल. हसू येते, पण घरमालकाची नस मांडववाल्याने नेमकी ओळखली आहे.

नवरी मुलगी अदिती. तिचे एका विवाहित पुरुषाशी संबंध होते आणि ते पुरते तुटलेले नाहीत. नवरा हेमंत अमेरिकेतील ह्यूस्टन येथे नोकरी करणारा. लग्नापूर्वी अदिती त्याला सारे सांगून टाकते. तो आधी संतापतो, मग विचार करून तिचा हात धरतो. खोट्यावर संसार उभारण्यापेक्षा कडू सत्यावर उभारलेला बरा, हे कथानक चांगले आहे, परंतु ते अन्यत्रही सापडले असते. चित्रपटाचे खरे मर्म अदितीत नाही. ते आहे रियात.

रिया ही ललितच्या दिवंगत भावाची मुलगी. अदितीच्या बरोबरीनेच या घरात वाढलेली, वयाने थोडी मोठी, अविवाहित, पुस्तकांत रमणारी. लेखनाच्या शिक्षणासाठी परदेशी जावे असा तिचा मनोदय. शेफाली शेट्टी (पुढे शहा) यांनी ही भूमिका केली. लग्नासाठी अमेरिकेहून तेज पुरी येतात. नात्याने ते ललितचे मेहुणे. स्वभावाने मृदू, बोलण्यात गोड, हाताने सढळ. या घरावर त्यांचे जुने उपकार आहेत. साखरपुड्याच्या समारंभात ते सर्वांसमक्ष जाहीर करतात, की रियाच्या शिक्षणाचा खर्च आपण उचलू. सारे टाळ्या वाजवितात. कॅमेरा रियाच्या चेहऱ्याकडे वळतो, आणि त्या चेहऱ्यावर आनंद नाही. तेव्हा आपणास कारण ठाऊक नसते. आम्हास हा क्षण साऱ्या चित्रपटात सर्वांत भयंकर वाटतो. ज्याने बालपणी विटंबना केली त्याच्याच दातृत्वाबद्दल तिने चारचौघांत कृतज्ञ दिसावे, अशी ती अपेक्षा आहे.

पुढे कळते ते थोडक्यात असे. रिया लहान असताना तेजने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. ती गप्प राहिली. आता घरातली लहानगी आलिया त्याच्या भोवती घोटाळताना तिला दिसते. ऐन गाण्याबजावण्याच्या रात्री तेज त्या मुलीला एकटीला गाडीतून फिरावयास नेऊ लागतो, तेव्हा रिया गाडी अडविते आणि सर्वांसमोर बोलून टाकते. स्वतःसाठी इतकी वर्षे न फुटलेला शब्द दुसऱ्या मुलीसाठी फुटतो. मानसशास्त्राची पुस्तके न उघडताही हे खरे वाटते; कारण सोसणारी माणसे पुष्कळदा अशीच बोलती होतात.

आणि मग घर काय करते? हेच तर पाहावयाचे. कोणी रियावर अविश्वास दाखविते, कोणी तिच्या अविवाहितपणाकडे बोट दाखविते, कोणाला नेमक्या याच वेळी हे बोलण्याची काय गरज होती असा प्रश्न पडतो. या वाक्यांपैकी एकही वाक्य परके नाही. आमच्या वाचकांनी ती कोठल्या ना कोठल्या ओसरीवर ऐकली असतील. ललितही त्या रात्री कोलमडतो. तो वाईट माणूस नाही. झोपलेल्या मुलींकडे पाहून गहिवरणारा, त्यांच्यासाठी काहीही करीन म्हणणारा बाप आहे. पण तो संतही नाही; आपल्या मुलाला स्वयंपाक आणि नाच आवडतो म्हणून त्याला वसतिगृहात धाडण्याचा हट्ट धरणारा, पत्नीवर खेकसणारा, प्रतिष्ठेला जपणारा साधा गृहस्थ आहे. रियाकडे जाऊन तो आधी तिला लग्नाला परत ये अशी गळ घालतो. त्या विनवणीत प्रेमही आहे आणि घर सावरण्याची धडपडही आहे, आणि दोहोंपैकी कशाचे पारडे जड आहे हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

लग्नाच्या दिवशी दिवंगत भावाच्या तसबिरीला वंदन करण्यासाठी सारे आप्त जमतात. तेजही सपत्नीक तेथे आहे, आपल्या नेहमीच्या मानाच्या जागी. तेव्हा ललित त्याला, सर्वांसमक्ष, निघून जाण्यास सांगतो. आवाज चढवीत नाही. हात जोडल्यासारखा बोलतो, जणू क्षमा मागतो आहे. पण मागे हटत नाही. आपल्या मुलांचे रक्षण करणे हे आपले काम आहे, एवढाच त्याच्या बोलण्याचा आशय. त्याचे उपकार तो नाकारीत नाही. उपकार खरे आहेत, नाते खरे आहे, आणि तरीही जा.

येथे काही जाणकारांना 'फेस्टन' या १९९८ सालच्या डॅनिश चित्रपटाची आठवण होते. थॉमस व्हिंटरबर्ग यांच्या त्या चित्रपटात बापाच्या साठीच्या मेजवानीत मुलगा भर टेबलावर बापाचे पाप उघड करतो. तेथे अपराधी बापच आहे, त्यामुळे घर त्याच्याविरुद्ध उभे राहते किंवा मोडते. नायर-धवन यांची मांडणी आम्हास अधिक अवघड वाटते. येथे कुटुंबप्रमुख निर्दोष आहे, पण ऋणी आहे. त्याला कोणाला दंड करावयाचा नसून आपल्याच कृतज्ञतेची मर्यादा ठरवावयाची आहे. भारतीय घरांत तोंडे बंद होतात ती भीतीने होतात त्याहून अधिक उपकाराने होतात. त्यांनी आपल्यासाठी किती केले, हे एक वाक्य पुरेसे असते.

त्या काळी या विषयाला बोलण्याची भाषाच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीतच १९९६ साली 'राही' ही संस्था बालपणी घरात अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी स्थापन झाली होती. १९९८ मध्ये तिने अशा स्त्रियांचे अनुभव अहवालरूपाने प्रसिद्ध केले. २००० साली पिंकी विराणी यांचे 'बिटर चॉकलेट' हे पुस्तक आले. मुंबईत १९९६ पासून १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला होता, आणि आजही मुलांच्या मदतीचा क्रमांक तोच आहे. तरीसुद्धा पुस्तक आणि अहवाल वाचणारे थोडे. लग्नाचा चित्रपट म्हणून तिकीट काढून बसलेल्या कुटुंबासमोर, आजी-आजोबा शेजारी असताना, हा विषय यावा ही गोष्ट निराळी.

कायदा तर फारच मागे होता. २००१ मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचारासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलमांत जे बसेल ते बसवावे लागे, आणि पुष्कळसे बसत नसे. 'साक्षी' या संस्थेच्या याचिकेवर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराची व्याख्या रुंदावण्यास नकार दिला. मात्र पीडित मुलांची साक्ष पडद्याआडून घ्यावी अशासारखे मार्गदर्शन केले. २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३.२२ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे व विश्वासातले होते. रियाची कथा अपवादात्मक आहे म्हणणाऱ्यांना ही आकडेवारी पुरेशी आहे. अखेर २०१२ साली 'पॉक्सो' या नावाने ओळखला जाणारा बालसंरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, अमलात आला.

या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने एक नवे कर्तव्य सांगितले. मुलावर असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते, किंवा घडेल अशी शंका ज्याला येते, त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास एकविसाव्या कलमान्वये शिक्षा आहे. या कसोटीवर ललित वर्माला तपासून पाहिले तर तो कमी पडतो. त्याने तेजला घराबाहेर काढले. पण तेज गाडीत बसून गेला तो मोकळाच गेला. दुसऱ्या कोणत्या घरी, कोणत्या मुलीच्या शेजारी जाऊन बसला, हे चित्रपट सांगत नाही. ज्या कृतीला २००१ च्या प्रेक्षकांनी धैर्य म्हटले आणि जिने आमच्याही डोळ्यांत पाणी आणले, ती आजच्या कायद्याच्या दृष्टीने अर्धवट आहे. यात चित्रपटाचा दोष नाही. त्या वेळच्या सभ्य माणसाचे धैर्य जेथवर पोहोचत होते तेथवर त्याने ते प्रामाणिकपणे दाखविले.

आणि आपण ख्रिस्ती कुटुंबांनी या बाबतीत दुसऱ्यांच्या मांडवाकडे बोट दाखवावे, अशी आपली स्थिती नाही. उपकारकर्त्याच्या आदरापोटी मुलांच्या तक्रारी दाबल्या गेल्याचा इतिहास चर्चच्याही वाट्याला आला आहे. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या फर्मानाने धर्मगुरू व व्रतस्थांना अशा गोष्टी वरिष्ठांना कळविणे बंधनकारक केले, ते उगाच नव्हे. मानाची खुर्ची आपल्याकडेही आहे.

चित्रपटात आपल्या समाजाचे एक माणूस आहे, तिच्याविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. वर्मांच्या घरी काम करणारी ॲलिस ही ख्रिस्ती मुलगी. तिलोत्तमा शोम यांची ही पहिलीच भूमिका. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा येथील आदिवासी ख्रिस्ती मुली पोटासाठी दिल्लीतील घरांत राबण्यास येतात, हे दिल्लीकर प्रेक्षक जाणतो. ॲलिसचे नाव ऐकताच त्याला तो सारा प्रदेश दिसत असेल. एके दिवशी ती एकटी असताना अदितीचे दागिने अंगावर धरून आरशात पाहते. हौसेने, क्षणभर. खिडकीतून मांडववाली पोरे पाहतात आणि चोर म्हणून ओरडतात. त्या क्षणी तिचा चेहरा आणि साखरपुड्याच्या रात्रीचा रियाचा चेहरा एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. आपला शब्द येथे कोणी धरणार नाही, हे दोघींना सारखेच ठाऊक आहे.

दुबे मात्र तिच्यावर जीव जडवून बसला आहे. विजय राज यांनी हा दुबे असा रंगविला आहे, की झेंडूची फुले चघळणारा, भ्रमणध्वनीवर खोटे आश्वासन देणारा हा ठेकेदार हळूहळू चित्रपटातील सर्वांत सरळ माणूस ठरतो. झेंडूच्या फुलांचे हृदय हाती धरून, मेणबत्त्यांच्या उजेडात तो तिला मागणी घालतो. फुलांनी सजविलेल्या एका छत्रीखाली, मजुरांच्या साक्षीने त्यांचे लग्न लागते. वर्मांच्या मांडवाच्या खर्चात अशी शंभर लग्ने झाली असती. आमची तक्रार एवढीच, की ॲलिसला फारसे बोलूच दिलेले नाही. तिचे आईवडील कोठे आहेत, रविवारी ती मिस्सेला जाऊ शकते की नाही, हिंदू मुलाशी विवाह करताना तिच्या मनात काय चालले आहे, हे कळत नाही. तिचे मौन सुंदर दिसते. पण मौन सुंदर दिसावे हे या चित्रपटालाच शोभणारे नव्हे. घरकामगार स्त्रियांना बोलते करण्याचे काम आपल्या मुंबईत १९८५ पासून सिस्टर जीन डेव्होस या बेल्जियन व्रतस्थ भगिनीने उभ्या केलेल्या चळवळीने केले. त्या चळवळीतल्या एखाद्या ॲलिसने हा प्रसंग लिहिला असता तर कसा लिहिला असता, असे आमच्या मनात येऊन जाते.

मीरा नायर यांनी पुढे या कथेवर संगीतनाटक केले. ते २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे व २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात रंगभूमीवर आले. चित्रपटाचा शेवट मात्र पावसाचाच राहिला. मांडव गळतो, मेंदी आणि जर भिजते, आणि वर्मांचे वऱ्हाड दुबे-ॲलिसला आपल्या नाचात ओढून घेते. रियाही त्यात आहे. तेजची गाडी केव्हाच निघून गेलेली असते.